श्रावण विशेष : प्रकल्प नोंदी

१० जुलै २०२५, गुरुवार

आकाशवाणीचं काम ठरलं. २५ जुलै ते २३ ऑगस्ट, अख्खा श्रावण, रोज संध्याकाळच्या सभेत, म्हणजे संध्याकाळच्या प्रसारणात, अर्धा तास, विषय खान्देशातली कला आणि संस्कृती. मी नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे पद-बिद काही नाही, पण यावेळी निवेदनाबरोबर संकलन पण माझ्याकडे आणि बाहेरच्या रेकॉर्डिंगला पण मीच जायचंय. अर्धा तास म्हणजे हातात २८ मिनिटं, बाकी संकेतधून आणि आगेमागे निवेदन.

यादी करायला बसलो तर पहिला पेच लगेच दिसला. ऑफिसला प्रत्येक कार्यक्रम आठ दिवस आधी तयार पाहिजे, ऐकून-तपासून क्यूशीटवर (रोजच्या प्रसारणाच्या यादीवर) चढायला तेवढे दिवस लागतातच, ते बरोबरच आहे. पण आपल्याकडची गाणी आठ दिवस आधी होतच नाहीत ना. सण आला की गाणं येतं, सण गेला की बायका ते गाणं गुंडाळून ठेवतात. शास्त्रीय गायकाला करार पाठवला की तो ठरल्या तारखेला स्टुडिओत येऊन मल्हार गाईल, पाऊस असो-नसो. कानबाईचं, म्हणजे श्रावणात घरोघर बसणाऱ्या आमच्या खान्देशी देवीच्या गाण्यांचं, तसं नाही.

१४ जुलै, सोमवार

मीटिंग. जी पहिली यादी समोर आली ती नेहमीची: सुगम संगीत, कवी संमेलन, नाट्यछटा, लोकसंगीत, आदिवासी नृत्य (रेडिओवर नृत्य, हे मला अजून कळलेलं नाही), परत सुगम संगीत. मी म्हटलं ही यादी कुठल्याही महिन्यात चालेल, मग श्रावण कशाला म्हणायचं. पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही शेजारी ठेवून करू. मग कार्यक्रम अधिकारी मॅडमनी स्वतः पेन घेतला. २९ जुलै नागपंचमी, ३ ऑगस्टच्या रविवारी कानबाई, ९ ला राखी आणि त्याच दिवशी जागतिक आदिवासी दिवस, १३ ला बालकवींची जयंती, १५ ला दिल्लीचं सहक्षेपण, २२ ला पोळा. नुसत्या तारखा मांडल्या तरी अर्धा महिना भरला आणि राहिलेल्यात सुगम संगीत पण बसलं, त्याच्याशी माझं काही वैर नाही.

३ तारखेला अजून एक गाठ होती. ना. धों. महानोरांना जाऊन त्या दिवशी दोन वर्षं होतात, २०२३ चा ३ ऑगस्ट. पळासखेड्याचा माणूस, अजिंठ्याच्या कुशीतला, शिक्षण जळगावचं, आमदार झाला तरी शेतीतनं बाहेर न आलेला कवी. त्यांना कानबाईच्या गर्दीत कोंबायचं नाही असं ठरलं, २ तारखेचा शनिवार त्यांचा.

१७ जुलै, गुरुवार

कानबाईची गाणी आधी मिळतात का बघायला धुळे तालुक्यातल्या एका गावी गेलो. ज्यांच्याकडे कानबाई बसते त्या आक्कांनी चहा दिला, पोहे दिले, गाणं दिलं नाही. "आते नही रे भो. कानबाई बसू दे, मंग म्हनसूत." मी म्हटलं आक्का नुसत्या दोन ओळी म्हणा, आवाजाची लेव्हल बघायचीय. तर शेजारची माय म्हणते, लेव्हलले भजन म्हनस ना. आणि खरंच विठ्ठलाचं भजन म्हटलं, खणखणीत आवाज, लेव्हल लाल पट्ट्यात.

येताना ठरवलं, कानबाई आधी मागायचीच नाही. रविवारी रात्री रेकॉर्ड, सोमवारी दुपारी कापाकापी, सोमवारी संध्याकाळी प्रसारण. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या लेखी मागा, मी मंजुरी घेते.

२३ जुलै, बुधवार

आज राष्ट्रीय प्रसारण दिवस. १९२७ साली याच तारखेला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ऑल इंडिया रेडिओ हे नाव त्यानंतर १९३६ ला. ती जी सकाळची संकेतधून आपण सगळे झोपेत ओळखतो ती वॉल्टर कॉफमन नावाच्या परदेशी संगीतकाराची, नाझींमुळे युरोप सोडून मुंबईला आलेला माणूस. आज सकाळच्या सभेत हे दोन वाक्यांत सांगितलं तर ड्यूटी रूमला फोन आले, लोकांना असलं ऐकायला आवडतं.

दुपारी संग्रहात बसलो. जुन्या टेपच्या स्पूलवरनं डिजिटल केलेल्या फाइल्स. लेबलवर नुसतं 'लोकगीत, स्त्रिया, १४ मि.' गाव नाही, सण नाही, कोण गातंय ते नाही, जातं आहे का झोका आहे ते पण नाही. ऐकल्यावर कळलं की आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गौराईची गाणी आहेत, वैशाखातली, माहेरपणाला आलेल्या पोरी झोक्यावर म्हणतात ती. छान आहेत, इतकी छान की उद्याच लावावी वाटली, पण श्रावणात आखाजी वाजवली तर गावाकडनं पहिला फोन येईल की तुम्हाले काही समजस का नही. फाइलच्या नावात 'आखाजी, गौराई' एवढं घालून परत ठेवली. पुढच्या वैशाखात जो कोणी बसेल त्याला सापडेल तरी.

२५ जुलै, शुक्रवार

सुरू झालं. पहिला भाग साधा ठेवला, महिन्यात काय काय येणार ते आणि मध्ये बासरी.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी, म्हणून बहिणाबाई. जन्म १८८० चा, नागपंचमीचा, आसोद्याचा. जळगावपासून हाकेच्या अंतरावर.

हा भाग मनासारखा झाला. सगळीकडे बहिणाबाई म्हटलं की सतार-बासरी लावून चालीत बांधलेल्या रचना लागतात, मला त्या गुळगुळीत वाटतात. आपण आसोदा-भादली भागातल्या लेवा घरातल्या बायकांकडनं नुसतं वाचून घेतलं, स्वयंपाकघरात, पंखा बंद करून. वाचून म्हणजे काय, त्यांना पाठच होतं, पुस्तक नावाला हातात. स्टुडिओत प्रमाण मराठी बोलणारं कोणी हे वाचलं की जिथं अडखळतं तिथं यांचा सूर आपोआप वळतो, कारण घरात तेच बोलतात.

निवेदनात एक गोष्ट मुद्दाम घातली, बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे, अहिराणी नाही. दरवर्षी कुठलेतरी पाहुणे व्याख्याते 'अहिराणी कवयित्री' म्हणून जातात आणि इकडचे लोक सभ्यपणानं गप्प बसतात. खान्देशात एकच बोली आहे असं बाहेर वाटतं. इथं पंधरा-वीस मैलांवर शब्द बदलतो आणि तो बदल रेडिओनं तरी ऐकवलाच पाहिजे.

बाकी माहिती थोडक्यात: अक्षरओळख नव्हती, ओव्या सुचतील तशा म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातले लिहून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, संग्रह आला १९५२ ला, प्रस्तावना अत्र्यांची. म्हणजे छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. हे वाक्य निवेदनात होतं, मॅडम म्हणाल्या इथं दोन सेकंद गॅप दे. दिला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णाभाऊ साठे जयंती, जन्म १९२०. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या एका शाहिरी पार्टीला बोलावलं होतं. डफाची थाप माइकला जवळ पडत होती, इंजिनीअर साहेबांनी डफवाल्याला दाराशी उभं केलं, तो जरा नाराज, पण टेपवर मस्त बसलं.

२ ऑगस्ट, शनिवार

महानोर. फार काही केलं नाही, एका तरुण शेतकऱ्यानं केळीच्या बागेत बसून त्यांच्याबद्दल बोललेलं आणि संग्रहातली त्यांच्याच आवाजातली थोडी कविता. मागे ठिबकच्या पंपाचा आवाज आहे, तो काढू का विचारलं इंजिनीअर साहेबांनी, म्हटलं राहू द्या.

३ ऑगस्ट, रविवार, रात्र

ही नोंद तिथंच ओट्यावर बसून मोबाइलवर टाइप करतोय, म्हणून जशी येईल तशी.

संध्याकाळी पोचलो तर गावात पाय ठेवायला जागा नाही. सुरतेची सगळी माणसं आलीयेत. उधना, लिंबायत, पांडेसरा, जिकडे तिकडे आपला खान्देशी माणूस आहे, मिलमध्ये नाहीतर लूमवर, तो दिवाळीला एकवेळ येणार नाही पण कानबाईला येतो. गुजरात पासिंगच्या गाड्या शाळेच्या मैदानात लागल्यात.

आक्कांच्या घरी चौरंग सजला होता. नारळ परंपरेचं, सासूच्या सासूपासनं चालत आलेलं, त्याला डोळे, नथ, कुंकू, दागिने, शालू. इथं मूर्ती नसते, नारळच कानबाई. रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ मोजून घेतलेले, त्याच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला नाही, म्हणजे आम्हाला नाही. आकाशवाणी असली तरी नाही. आक्का म्हणाल्या तुम्हनाकरता येगळा सयपाक कया शे, आणि खरंच केला होता, शेवभाजी आणि भाकरी. इंजिनीअर साहेब विदर्भातले, शेवभाजीचा रस्सा पिऊन कानातनं धूर, मग एक तास त्यांच्या हातात हेडफोन राहिला नाही.

गाणी साडेदहाला सुरू झाली. आता ह्या गाण्यांचं असं आहे की ती कार्यक्रमासारखी सुरू होत नाहीत, कोणीतरी आरतीच्या ताटाशी बसल्या बसल्या गुणगुणतं, दुसरी ओढते, तिसरी म्हणते अगं अशी नाही, मग भांडण, मग हसणं, आणि मध्येच सगळ्या एकदम लागतात आणि अंगावर काटा येतो. मी पहिल्यापासनं रेकॉर्डर सुरू ठेवला, भांडणासकट. माइक दोन, एक चौरंगाजवळ खाली आणि एक दाराच्या चौकटीला बांधलेला, फुगडी त्या बाजूला होती म्हणून. पत्र्यावर पाऊस आला तेव्हा चौकटीचा माइक बाद झाला पण खालचा टिकला.

त्या दिवशी लेव्हलला भजन म्हणणारी माय आज सगळ्यात पुढे. एक गाणं तिलाच येतं, कानबाई-रानबाई दोघी बहिणींचं, लांबलचक, कानबाई कुठनं कशी आली त्या वाटेवरची गावं त्यात येतात. मध्ये तिची सून एक गाव विसरली तर मायनं गाणं थांबवून तिला मागं नेलं आणि परत त्या गावावरनं आणलं. मला हे फार आवडलं.

एक अडचण कागदाची. मानधनाच्या कराराला ग्रुप लीडरचं नाव लागतं आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. ग्रुप लीडर कोण यावर अर्धा तास चर्चा झाली, सगळ्याच म्हणे आमनामा कोनी लीडर नही, सगळ्यास्नी बहीन शे. शेवटी मायचं नाव टाकायचं ठरलं तर मायचं पासबुक सुरतेला मुलाकडे. आक्कांचं नाव टाकलं. पैसे आले की कानबाईच्या पुढच्या वर्षीच्या शालूला जाणार हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

४ ऑगस्ट, सोमवार

पहाटे विसर्जनाची मिरवणूक. चौरंग डोक्यावर, बायका पुढे फुगड्या घालतायत, आणि मागनं डीजे. चौकात डीजे इतका वाढला की माइक बंदच केला. डीजेवर मला लेक्चर द्यायचं नाही, सुरतेहून आलेल्या पोरांना वर्षातनं एकदा गावात नाचायला मिळतं. पण नदीच्या काठावर पोलीसदादांनी तो बंद करायला लावला आणि तिथं परत गाणी लागली, ती चार मिनिटं सगळ्यात स्वच्छ.

दुपारी एकला केंद्रावर. सहा तासांच्या रेकॉर्डिंगचे २८ मिनिटं करायचे. मायचं गाणं एकटंच अकरा मिनिटांचं. इंजिनीअर साहेब म्हणाले कडवी कापू, मी म्हटलं त्यातनं गाव गळलं तर ती फोनवर मला सोडणार नाही. अख्खं ठेवलं. निवेदन कमी केलं, माझी वाक्यं अर्ध्यावर आणली, तशीही ती फार शहाणी झाली होती.

संध्याकाळी गेलं. फोन सुरतेहून जास्त, ज्यांना सुट्टी मिळाली नाही ते न्यूजऑनएअर ॲपवर ऐकत होते. उधन्याहून एक जिभाऊ बोलले, त्यांच्या कारखान्यात मशीन चालू असताना मोबाइल लुंगीत खोचून ऐकलं म्हणे. मिडियम वेव्हच्या जमान्यात आपला आवाज रात्री कुठवर जातो ते हवेवर असायचं, आता डेटा पॅकवर आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

सुगम संगीत. झालं.

९ ऑगस्ट, शनिवार

आदिवासी दिवस. यादीत मूळ ओळ होती 'आदिवासी नृत्य', आणि संग्रहात होळीचं रेकॉर्डिंग तयार होतं, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीचं, ढोल आहेत, बुद्याचं सोंग घेतलेल्यांच्या कमरेचे दुधी खडखडतायत, ऐकायला जबरदस्त. लावायला सोपं. पण होळी फाल्गुनातली. धडगावचे पावरा आदिवासी समाजातले एक गुरुजी आमच्या या प्रकल्पावर सल्ला देतायत, त्यांना विचारलं, ते हसून म्हणाले तुमच्या गणपतीची आरती आम्ही मे महिन्यात लावली तर? पावरीचं पण तेच, भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य कोकणा आदिवासींत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजतं, ते दिवस मार्गशीर्षाचे.

मग काय करायचं? गुरुजींनीच सुचवलं, पाऊसकाळात आमच्याकडे गोष्टी सांगतात. सातपुड्यातल्या एका घरात चुलीजवळ एका आजोबांनी पावरीत, म्हणजे पावरा बोलीत, सांगितलेली गोष्ट आठवड्यापूर्वीच घेऊन ठेवली होती, गुरुजींनी तिचं मराठी शेजारी बोललं. वर बोलून आवाज दाबायचा नाही हे आधी ठरवलं, आधी आजोबांचं पूर्ण वाक्य, मग मराठी. कार्यक्रम संथ झाला. एका वरिष्ठांना कंटाळवाणा वाटला, त्यांनी तसं सांगितलं, त्यांचा हक्क आहे. शहाद्याहून एका मुलीचा मेसेज आला की आमची बोली रेडिओवर पहिल्यांदा न कापता ऐकली.

११ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवारचं भजन, चोपड्याकडची मंडळी, पेटी सुंदर वाजवणारे नाना सोबत. रेकॉर्डिंगनंतर चहाला मी त्यांना सांगितलं की या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून बंदी होती, १९७१ ला उठायला लागली ती पण हळूहळू. श्रुती-मींड (सुरांमधले बारीक फरक आणि सुरावरनं सुरावर सरकणं) येत नाही, परदेशी वाद्य आहे, असा तेव्हाचा युक्तिवाद. नाना पेटी पोत्यात घालता घालता म्हणाले, मंग आमना आबाले रेडिओवर काय वाजवाले लावतस? सारंगीवाला कुठनं आणणार होते भजनाला, हे मला पण कळलेलं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे, धरणगाव, १८९०. धरणगावच्या शाळेतली मुलं घेतली, त्यांनी श्रावणाची ती सगळ्यांना पाठ असलेली कविता म्हटली. चालीत म्हणू नका सांगितलं होतं, तरी तिसऱ्या ओळीला सगळे चालीत गेले, जाऊ दिलं.

मला या भागात दुसरंच सांगायचं होतं. १९०७ मध्ये जळगावला कवी संमेलन झालं, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर, तिथं या पोरानं कविता म्हटली आणि बालकवी हे नाव पडलं, वय सतरा सुद्धा पूर्ण नव्हतं. आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली गेले. सगळं आयुष्य अठ्ठावीसच्या आत. भादली म्हणजे रोजच्या अपडाऊनवाल्यांना जळगाव-भुसावळच्या मधलं एक स्टेशन, त्यापलीकडे काही नाही. प्लॅटफॉर्मवर जाऊन तिथल्या पानवाल्याला, दूधवाल्यांना विचारलं बालकवी माहीत आहेत का. बऱ्याच जणांना कविता माहीत, भादलीचं माहीत नाही. दूधवाला म्हणाला, अरे भो, मी रोज तोच रूळ वलांडस. हे तसंच ठेवलं, पुढे निवेदन टाकलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी लाल किल्ल्याचं सहक्षेपण. काल संध्याकाळी राष्ट्रपतींचं भाषण होतं, त्यात आमचा वेळ गेला, म्हणून कालचा भाग आज. माहीतच होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वहीगायन, म्हणजे वहीत लिहिलेली कथागीतं गाण्याचा आपला लोकप्रकार. पारोळ्याकडची पार्टी, डफावर, सगळे शेतकरी. वही म्हणजे खरोखरची वही, दोनशे पानी, कव्हर निघालेलं, आजोबांच्या अक्षरातली, वर नातवानं बॉलपेननं दुरुस्त्या केलेल्या. एरवी रात्रभर चालतं, इथं अर्ध्या तासात काय होणार. एकच प्रसंग घेतला. स्टुडिओत आल्यावर सगळे अवघडले, लाल दिवा लागला की आवाज बसायचा. शेवटी इंजिनीअर साहेबांनी दिव्यावर रुमाल टाकला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सकाळी बैल धुताना घंट्यांचा आवाज, खांदेमळणीची गाणी नाहीत आता, ट्रॅक्टर आलेत, गावात जोड्या मोजक्या. आप्पांनी आपल्या बैलांची नावं कुठनं ठेवली ते सांगितलं, पंधरा मिनिटं, एक शब्द कापला नाही. मानधनाचा कागद पुढे केला तर म्हणाले बैलाच्या नावानं करा.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रसारण काल संपलं, आज आवराआवर. यावेळी प्रत्येक फाइलच्या नावात गाव, सण, तिथी, बोली, कोणी म्हटलं, किती वाजता, सगळं घातलं. कानबाईचे सहा तास न कापता वेगळे ठेवलेत, मंजुरी घेतली. पुढच्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी यंदाचं वाजवायचं आणि त्या रात्री नवीन घ्यायचं, म्हणजे ऑफिसचे आठ दिवस पण सांभाळले जातील आणि आक्कांची कानबाई पण. मॅडमनी होकार दिलाय, कागदावर यायचंय.

फक्त तारखा परत मांडाव्या लागणार. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, सगळं पुढे सरकतं. नागपंचमी १७ ऑगस्टला, कानबाई २३ च्या रविवारी, पोळा सप्टेंबरात. आणि श्रावण सुरू होतो १३ ऑगस्टला, म्हणजे पहिलाच भाग बालकवींचा. धरणगावच्या मुलांना जूनमध्येच कळवायचं, त्यातली निम्मी दहावीला असतील, क्लासच्या वेळा बघून रेकॉर्डिंग ठेवायला लागेल.